पाठीचा टॉवेल

डॉक्टरांनी आकारामच्या पापण्या पुन्हा उचलल्या. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. बारा वाजता इंजेक्शनं दिल्यावर त्या मोठ्या झाल्या होत्या. नळी घालून पोटही धुतलं होतं.

"परत कसं चढतंय? किती कीटकनाशक प्याला होता हा?"

"बक्कळ प्याला असणार," खाटेजवळून बाळाबाई म्हणाली. "सकाळी हिनं तोंड सोडलं. त्यो तसाच पंप घिऊन वांग्यात फवारायला गेला. माझ्या लेकाला हिनंच औषध पाजलं म्हना की."

संयोगिता दाराशी उभी होती. सासू तिला नवऱ्याच्या खाटेपाशी येऊ देत नव्हती. बाहेर बाकावर हवालदार जबाब लिहायला थांबला होता.

"त्येनी प्यालं न्हाईत," ती चौथ्यांदा म्हणाली. "बाटली बघितलीया मी. पंपात घातलं तेवढंच कमी हाय."

"गप! सारं उचगाव ऐकत हुतं तुझं तोंड."

आकारामचा शर्ट शेतातच काढून टाकला होता. नर्सनं अंगही पुसलं होतं. त्याच्याबरोबर शेतातनं आलेल्या टॉवेलनं बाळाबाईनं त्याच्या कपाळावरचा घाम टिपला, त्यानंच आपले डोळे पुसले आणि घडी करून तो लेकाच्या मानेखाली सारला. खाटेला उशी नव्हती.

संयोगितानं घडी ओळखली. पंपाची पितळी टाकी पाठीला घासू नये म्हणून आकाराम रोज हाच टॉवेल मधे ठेवायचा. टाकी महिनाभर गळत होती.

ती आत घुसली. टॉवेल ओढून तिनं फरशीवर टाकला. लसणासारखा उग्र वास सुटला.

"पंपाखालचा हाय ह्यो!"

डॉक्टरांनी टॉवेल पायानं खाटेपासून लांब सारला. "सिस्टर, साबण-पाणी आणा. मान, केस, पाठ, सगळं परत धुवा. कातडीतनं जातंय."

"कातडीतनं कुटं औषध जातंय व्हय?" बाळाबाई उसळून उठली, आणि खाटेचा दांडा चाचपडू लागली. "एवढ्यात दिवस कसा मावळला?"

खिडकीतनं दुपारचं ऊन थेट तिच्या तोंडावर येत होतं.

डॉक्टरांनी तिची पापणी उचलली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी.

आवाज ऐकून हवालदार वही घेऊन दारात आला होता. संयोगितानं सासूला बादलीपाशी बसवलं. तिचे दोन्ही हात पाण्यात घेतले, साबण लावला.

"आत्ती," ती म्हणाली, "हवालदारास्नी सांगा की. तुमी कवा प्यालासा?"