कॉइलमधला कापूस

बारीक स्क्रूड्रायव्हरवर तार गुंडाळून यशवंतरावांनी आयुष्यातली पहिली कॉइल केली आणि तिच्या पोटात कापूस ठासला. डॉक्टरांनी छातीचा फोटो दाखवल्यापासून सिगारेट बंद होती. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या थंडीत आता या व्हेपचाच, निकोटिनच्या रसाची वाफ देणाऱ्या या नळीचाच, काय तो आधार.

"अहो, उशी भरताय की काय?" पोळी लाटता लाटता कुमुद म्हणाली. "एवढ्या घट्ट कापसात रस चढणार कुठनं?"

"तू तुझ्या पोळीकडे बघ."

त्यांनी कॉइल व्हेपमध्ये बसवून झुरका घेतला. जळक्या कापसाची चव घशात उतरली आणि ठसक्यानं डोळ्यांत पाणी आलं. काजळलेला बोळा उपसून त्यांनी कापसाच्या पुडीत हात घातला, तर पुडी रिकामी.

कापूस कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायचा. सिगारेटीही तिथंच मिळायच्या. यशवंतराव कोट चढवू लागले, पण बटण काही काजात जाईना. आता बाहेर पडलो तर नुसता कापूस घेऊन परतणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कुमुदलाही.

पिठाचे हात पुसत ती देवघराकडे गेली आणि फुलवातींसाठी गावाहून आणलेला कापूस घेऊन आली.

"अगं, हा देवाचा!"

"देव उद्यापर्यंत थांबेल. तुमचं तसं नाही. घ्या, आणि आता जरा हलक्या हातानं भरा."

यशवंतरावांनी कोट काढला, चष्मा पुसला आणि कापूस अलगद पिंजत ते पुन्हा टेबलाशी बसले.