तिसऱ्या सिनेमातलं बाळ

आई झाल्यापासून इमोजेन आणि फ्रेया पहिल्यांदाच मेलबर्नच्या सिनेमा महोत्सवाला आल्या होत्या. दोघींची तान्ही बाळं आज बापांच्या हवाली होती. तिथल्या ऑगस्टमधल्या हिवाळ्याच्या बोचऱ्या वाऱ्यात, फुटपाथवरच्या रांगेतच फ्रेयाने पैज लावली, "आज चार सिनेमे बघायचे. जी आधी बाळाचं नाव काढेल, तिने रात्री डम्पलिंग खाऊ घालायचे. म्हणजे तूच गं, मला माहितेय."

"बघू," इमोजेन म्हणाली.

पहिल्या सिनेमात नुसत्या मेंढ्या होत्या. दुसऱ्यात दोन म्हातारे भिंत रंगवत बसले. दोघींनी अगदी मन लावून पाहिलं. तिसऱ्यात मात्र पडद्यावरचं तान्हं बाळ भुकेनं रडायला लागलं, ते थांबेचना, आणि इमोजेनला पान्हा फुटला. ओला झालेला शर्ट तिने हळूच मफलरखाली झाकला. फ्रेयाने पाहिलं तर आपण हरलोच, असं मनाशी म्हणत दिवे लागल्यावर तिने चोरून शेजारी नजर टाकली.

हीटरने उकडणाऱ्या त्या थिएटरात फ्रेयाने मांडीवरचा कोट अंगात चढवून गळ्यापर्यंत बटणं लावली होती.