डाव्या बुटातला खिळा

१९६६ सालचा ऑक्टोबर. दिल्ली गेटजवळच्या मैदानावर सरकारी ऑफिसांच्या फुटबॉल स्पर्धेची फायनल अर्ध्या तासावर आली होती आणि मॅनेजर श्यामकांत दुखरा पाय लांब करून बूट तपासत बसला होता.

त्या काळी बुटांच्या तळाला पाय घसरू नये म्हणून कातडी स्टड असत, खिळ्यांनी ठोकलेले. कातडं झिजलं की खिळा आतून वर येई. म्हणून मॅचआधी मॅनेजरने प्रत्येक बुटात हात घालून तळ चाचपायचा आणि खिळा लागलाच तर गेटाबाहेरच्या मोच्याकडून ठोकून आणायचा, अशी पद्धत होती. मॅनेजरचा हात फिरला की खेळाडू न बघता बूट चढवी.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत श्यामकांतही तसाच बूट चढवत होता. नऊ नंबरचा शर्ट त्याचा होता. मग गुडघा गेला. साहेबांनी त्याला मॅनेजर केलं. मॅनेजर म्हणजे पोरांच्या अर्ध्या रजेचे अर्ज लिहायचे, लिंबं चिरायची, बुटांची ट्रंक सांभाळायची. नऊ नंबर विलासला मिळाला. विलास कँटोन्मेंटमधल्या एका हवालदाराचा मुलगा, बावीस वर्षांचा. श्यामकांतनेच त्याला शिकवलं. सुरुवातीला विलासच्या चुका ढीगभर सापडत. मग कमी सापडू लागल्या. पुढे सापडेनाशा झाल्या, आणि श्यामकांतला जेवण जाईनासं झालं.

सेमीफायनलला बायको हेमलता आली होती. करोल बागेतल्या घरी परतल्यावर वाढता वाढता ती म्हणाली, "अगदी तुमच्यासारखा वळतो हो विलास. फक्त जरा लवकर वळतो." आणि हसली. श्यामकांतने ताट सरकवलं.

आज तर मैदानाच्या दारातच चणेवाल्याने गाठलं होतं. दहा वर्षं हाच माणूस "श्यामू! श्यामू!" म्हणून घसा फोडायचा. "श्यामू भाई, आपका जमाना गया," तो म्हणाला. "ये लौंडा तो मक्खन है, मक्खन!" वर फुकटचे चणे हातावर ठेवले.

दिल्लीच्या संघाचे निवडकर्ते शामियान्यात येऊन बसले होते. विलासला बघायला. श्यामकांत अकरा मोसम खेळला, त्याला बघायला कधी कोणी आलं नव्हतं.

त्याने विलासचा डावा बूट उचलला, आत हात घातला आणि झटक्यात बाहेर काढला. बोटावर रक्ताचा थेंब होता. त्याने गेटाकडे पाहिलं. मोची रिकामाच बसला होता. पाच मिनिटांचं काम.

श्यामकांतने बोटाला रुमाल गुंडाळला. बूट विलाससमोर ठेवला.

"ठीक आहे," तो म्हणाला.

फोटो निघाला. शिट्टी झाली. पहिल्या हाफमध्ये विलास डाव्या पायावर वळताना प्रत्येक वेळी अडखळला. "क्या हो गया मक्खन को?" चणेवाला ओरडला. श्यामकांतला बरं वाटलं. दोन वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

मध्यंतरात त्याने विलासपुढे लिंबू धरलं. "काय रे, बरं नाही का?"

"काही नाही, दादा."

दुसऱ्या हाफमध्ये विलास त्याच पायावर टेकून वळला आणि गोल केला. एकच गोल झाला, तोच जिंकायला पुरला. मग तो लाइनीबाहेर येऊन बसला, त्याने बूट काढला. मोजा टाचेपासून बोटांपर्यंत लाल झाला होता. सगळा संघ भोवती जमला. साहेब पुढे आले. "बूट तपासले होते की नाही? कोणी तपासले?"

श्यामकांतने रुमाल गुंडाळलेला हात पाठीमागे घेतला.

"दादांनी तपासले, साहेब," विलास म्हणाला. "मला खेळताना टोचत होतं. पण म्हटलं, दादांचा हात फिरलाय, खिळा असणारच नाही."

साहेबांनी मान हलवली. विषय संपला.

घरी हेमलताने रुमाल धुवायला घेतला. "हे रक्त कसलं?"

"लिंबू चिरताना लागलं."

विलासची जखम चिघळली. दिल्लीचा संघ त्याच्याशिवाय गेला, आणि पुन्हा त्याला बोलावणं आलं नाही. चणेवाला पुढच्याच वर्षी दुसऱ्या कोणाला तरी मक्खन म्हणू लागला. श्यामकांत निवृत्त होईपर्यंत, आणखी पंचवीस वर्षं, मॅनेजर राहिला. नंतर एकसंध तळाचे बूट आले, खिळे गेले, तरी तो प्रत्येक बुटात हात घाली. एकेक बूट दोनदोनदा. पोरं हसायची, "अंकल, अब कील कहाँ!" तो पुढचा बूट उचलत असे. शेवटी गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये अंथरुणाला खिळल्यावर त्याने हेमलताला सगळं सांगितलं. विलासला सांगायचं धाडस मात्र त्याला अखेरपर्यंत झालं नाही.

तो गेल्यावर विलास भेटायला आला. आता तोच संघाचा मॅनेजर होता. हेमलताने नवऱ्याच्या वतीने सांगायला सुरुवात केली. विलासने तिला थांबवलं. भिंतीवर फायनलचा फोटो होता. त्यात मॅनेजरच्या बोटाला रुमाल होता.

"मला तेव्हाच कळलं होतं, वहिनी. फोटोला उभे होतो तेव्हा. बूट टोचत होता आणि शेजारी दादांच्या बोटाला रुमाल दिसत होता."

हेमलताने विचारलं, "आणि तरी साहेबांपुढे तुम्ही त्यांना वाचवलंत?"

"वाचवायला नव्हतो बोललो," विलास म्हणाला. "जन्मभर टोचावं म्हणून बोललो होतो."