लिटरला बारा

“डिकीत नको. टपावर चढव,” मालसुनबाईंनी लेकाला फर्मावलं.

“आई, टपावर सामान असलं की वारा अडतो. गाडी पेट्रोल पिते,” दोकसू म्हणाला.

“पिऊ दे. वर्षातून एकदा तर पिते.”

दोकसूला अ‍ॅव्हरेजचं वेड होतं. सोल शहरात, जिथे तो राहायचा, त्याच्या गाडीत एखादी जादा छत्रीसुद्धा सापडायची नाही. टायरची हवा तो स्वतः तपासायचा, आणि आकडा लिटरला वीसच्या खाली गेला की त्याचं जेवणात लक्ष लागायचं नाही. फक्त छुसॉकच्या, सुगीच्या सणाला गावी येताना तो टपावर कॅरियर चढवायचा, तेही आईसाठी.

कारण गावाचा हिशेबच उलटा होता. सणाला आलेली पोरं परत निघाली की म्हाताऱ्या समाजमंदिराच्या कट्ट्यावर बसून कुणाच्या टपावर काय चाललंय ते बघायच्या. घरी पोचल्यावर पोरं फोन करून कुरकुरायची, एवढं कशाला भरलंस, गाडीने एवढंच अ‍ॅव्हरेज दिलं! ज्याचं अ‍ॅव्हरेज सगळ्यांत कमी, त्याच्या आईची मान वर्षभर ताठ. नवरा गेल्यापासून मालसुनबाई एकट्या शेत बघत होत्या आणि हा मान त्यांनी कुणाला घेऊ दिला नव्हता.

यंदा मात्र पावसाने मिरचीवर रोग पडला. त्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. शेजारची हेनामवाली, हेनामहून या गावात सून म्हणून आलेली, तर गावभर सांगत फिरत होती, “बघाच तुम्ही, यंदा मालसुनचा पोरगा हात हलवत जाणार.”

आणि आता अंगणात ही भलीमोठी तीन खोकी उभी होती. चहूबाजूंनी टेप मारलेली, वरून सुतळीने आवळलेली.

“काय काय भरलंत, आई?” दोकसूच्या बायकोने, मीरानने विचारलं.

“मिरची आहे, किमची आहे, रताळी, तिळाचं तेल. घरी जाऊन बघ. आत्ता उघडलंस तर गाडीभर वास सुटेल.”

दोकसूने पहिल्या खोक्याला हात घातला आणि क्षणभर तसाच उभा राहिला. मालसुनबाई फाटकाबाहेर कट्ट्याकडे बघत होत्या.

“अयाई गं!” तो एवढ्या मोठ्याने ओरडला की कट्ट्यावरच्या सगळ्या माना वळल्या. “दगड भरलेस की काय?”

“एवढा घोडा झालास, एक खोकं उचलवत नाही?” मालसुनबाई म्हणाल्या.

मीरान पुढे आली. “एका बाजूने मी धरते.”

“हात लावू नकोस. कंबर धरेल तुझी,” दोकसू म्हणाला.

तेवढ्यात हेनामवालीचा मुलगा छांगबे बाह्या सरसावत आला. चांगला दांडगा गडी. “दादा, दे इकडे. एकटा मरशील.”

“तू तुझ्या आईचं वाहा रे,” दोकसू म्हणाला. “माझ्या आईचं मी वाहतो.”

कट्ट्यावर हशा पिकला. मालसुनबाईंचा चेहरा असा फुलला, की त्या गुडघा दुखायचं विसरून दोन पावलं पुढे आल्या.

कण्हत, कुथत, मध्येच दम खात दोकसूने तिन्ही खोकी टपावर चढवली. मग दोऱ्या काढल्या. आडव्या बांधल्या, उभ्या बांधल्या, वरून जाळी आवळली.

“एवढ्या दोऱ्या?” छांगबे म्हणाला. “इतकं वजन जागचं हलणार आहे का?”

“चढाला मागे सरकलं तर गाडी उलटेल, बाबा.”

गाडी कट्ट्यासमोरून अगदी हळू गेली. हेनामवाली उठून उभी राहिली. “मालसुन, अगं, एवढं आणलंस कुठून?”

“शेतातून,” मालसुनबाई म्हणाल्या. “बाजारातून आणून भरायची सवय नाही मला.”

हमरस्त्याला लागल्यावरही दोकसूने वेग वाढवला नाही. मालाने भरलेले ट्रकसुद्धा त्याला मागे टाकून जात होते.

“जरा दाब की,” मीरान वैतागली.

“टपावर आईचा माल आहे.”

वाटेत नूडल्स खायला थांबले, तेव्हाही तो आधी दोऱ्या चाचपून आला. वाटी समोर ठेवून तो एकदम म्हणाला, “गुडघा कापलाय, रान गेलंय, पण ऐट बघितलीस का तिची? माझी आई आहे ती.” आणि तो खिडकीतून गाडीच्या टपाकडे बघत राहिला. मीरानला वाटलं, सण संपला की होतं याला असं.

सोसायटीच्या तळघरात गाडी लावल्या लावल्या मीरान फ्रिजमध्ये जागा करायला वर पळाली. दोकसूने तिथूनच फोन लावला. मालसुनबाई कट्ट्यावरच होत्या आणि फोनचा आवाज त्यांनी नेहमीप्रमाणे मोठा केलेला होता.

“आई, पोचलो. पण पुढच्या वर्षी असं केलंस तर मी येणारच नाही! चढाला गाडी नुसती रडत होती. किती दिलं माहितीय? लिटरला बारा!”

“बारा!” पलीकडे कट्टा एका सुरात म्हणाला.

“आमच्या छांगबेचा मघाशीच फोन आला, त्याची चौदावर आली,” हेनामवालीचा आवाज पडला होता.

“रडतंय बघा कसं,” मालसुनबाई सगळ्यांना ऐकवत म्हणाल्या. “आईने दिलेलं वाहायला जिवावर येतं मेल्याच्या.” मग बहुधा त्या उठून बाजूला गेल्या, कारण मागचा कलकलाट कमी झाला. “दोकसू, जड होतं ना रे?”

“फार जड होतं, आई.”

“बरं. जेवून घे.”

फोन बंद झाला. गाडीच्या पडद्यावर अठराचा आकडा होता. वाऱ्याने खाल्लं तेवढंच. दोकसूने दोऱ्या सोडल्या, तिन्ही खोकी सुतळीला धरून एका हाताने खाली उतरवली आणि टेपसुद्धा न काढता कोपऱ्यातल्या रिकाम्या पुठ्ठ्यांच्या ढिगावर नेऊन ठेवली.