घोडा एकटाच आला

राजकन्या सकाळपासून एकाच जागी अडत होती. आजीला तिचा मुलगा कोण ते सांगायचं, तिथे.

आठ वर्षांची पोर. सेटवर सगळे तिला गमतीने बाईसाहेब म्हणत. "हे राजमाते, आपले ज्येष्ठ पुत्र आणि माझे पिताश्री, ज्यांनी उत्तरेचा किल्ला सर केला," इथवर ती धडाधड यायची आणि पुढे गाडी रुतायची. समोर सिंहासनावर माई. वयानेही आजी आणि भूमिकेनेही. अंगावरचे दागिने खोटे, पण त्यांचं वजन अगदी खरं. मुलगी अडली की त्या पुढचा शब्द हळूच पुरवायच्या. मुलगी तो शब्द घ्यायची आणि परत गप्प व्हायची.

"काय गं, कुठे अडतंय नेमकं?" माईंनी विचारलं.

"आजी, तुमचा मुलगा कोण ते तुम्हाला माहीत नाही का?"

"आहे की."

"मग मी का सांगतेय?"

मालिका सुरू झाल्यापासून हाच प्रश्न माई स्वतः विचारून विचारून थकल्या होत्या. या राज्यात कुणालाच काही ठाऊक नसे. प्रधान राजाला त्याच्याच राज्याच्या सीमा सांगे. राणी सख्ख्या बहिणीला 'आपण दोघी बहिणी' म्हणून आठवण करून देई. लढाई तर कधी दिसतच नसे. दासी धापा टाकत येई आणि ती होऊन गेल्याचं कळवी. आणि आज राजा मेल्याची बातमी त्याच्या आईला द्यायला निघाली होती कोण, तर त्याची एवढीशी लेक, दोन पानी भाषण घेऊन.

दिग्दर्शकाने माईंना बाजूला घेतलं. जेवणाच्या सुट्टीआधी हा प्रसंग झाला नाही, तर वाहिनीचं ऐकावं लागेल, असं तो म्हणाला. म्हणजे पडद्यावर 'दहा वर्षांनंतर' अशी पाटी, मोठी झालेली राजकन्या आणि त्या जागी नवी नटी. या पोरीला उद्यापासून यायचं कारण नाही. त्याने आवाज खाली ठेवला होता, पण पोरांच्या कानांतून काही सुटतं? मुलगी रडली नाही. भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून ती वाक्य पुटपुटायला लागली. उत्तरेचा किल्ला. ज्येष्ठ पुत्र. उत्तरेचा किल्ला.

ते पाहिलं आणि माईंचं डोकं फिरलं. त्यांनी लेखकाला बोलावून घेतलं.

लेखक मेकअपच्या खोलीतून आला, हातात उद्याच्या भागाची नुकतीच छापलेली गरम पानं. झोप नसलेला तरुण माणूस. आल्या आल्या त्याने नेहमीचं पाढ्यासारखं म्हटलं, की लोक मध्येच टीव्ही लावतात, कोण कुणाचं कोण हे त्यांना कळायला नको का? माईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग त्या सिंहासनावरून उठल्या.

"बसा इथे. आता तुम्ही आजी," त्या म्हणाल्या. मुलीला त्यांनी पायरीवर बसवलं. "वाक्य विसर बाळ. तू नुसती बाबांची वाट बघतेयस. आणि लेखकमहाराज, हिचे बाबा गेलेत. सांगा हिला. हिच्याकडे बघून सांगा."

लेखक हसला. मग त्याने मुलीकडे पाहिलं. ती खरोखरच वाट बघत बसली होती. त्याने पिताश्री म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"बाळ," तो म्हणाला, "घोडा परत आलाय."

मुलगी जरा विचारात पडली.

"एकटाच आला?" तिने विचारलं. "एवढ्या लांबून?"

लेखकाने सिंहासनावर बसूनच आजच्या प्रसंगाचे कागद मांडीवर घेतले आणि पहिलं पान आडवं खोडलं. मग दुसरं. खाली दोनच ओळी लिहिल्या.

दिग्दर्शकाने नवा प्रसंग वाचला आणि कपाळाला हात लावला. हे अर्ध्या मिनिटात संपतंय, त्याला तीन मिनिटं भरायची होती. शिवाय समजणार कुणाला? मागून दासी येऊ दे, राजे कसे पडले ते नीट सांगू दे, मग राजमाता एकदा पूर्ण नावानिशी विलाप करतील. माईंनी डोळे मिटून घेतले. लेखक मात्र पहिल्यांदाच खाली न बघता बोलला.

"दासी नको. घोडा आहे ना बाहेर? त्याला समोरच्या चौकात उभं करा. आणि कॅमेरा बंद करू नका."

मिरवणुकीच्या प्रसंगासाठी आणलेला घोडा चौकात आणला. घोडेवाला कॅमेऱ्याच्या मागे सरकला. माईंनी आपलं एक वाक्य म्हटलं. मुलीने आपलं विचारलं. पुढे कागदावर काहीच नव्हतं.

मुलगी उठली. पायऱ्या उतरून घोड्याजवळ गेली आणि रिकाम्या खोगिराकडे बघत राहिली. मग घोडेवाल्याला करताना पाहिलं होतं तसा तिने पोटाखालचा पट्टा सोडायला घेतला. हात कसाबसा पोचत होता, बक्कल काही निघेना. ती दोन्ही हातांनी ओढत राहिली, पण मागे वळून कुणाकडे पाहिलं नाही.

माई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवत, दागिन्यांचा खळखळाट करत एकेक पायरी उतरल्या आणि त्यांनी बक्कल दाबून धरलं. पट्टा सुटला. खोगीर घसरून धपकन खाली पडलं. घोड्याची पाठ थरथरली. दिग्दर्शकाचा हात थांबवायला म्हणून वर गेला होता, तो वरच राहिला.

"आजी," मुलगी म्हणाली, "याला आधी पाणी द्यायला सांगा."