ओकाईची लाल गाडी

"कोण गेलं रे?" डोक्यावरचं सुक्या माशांचं घमेलं सावरत नाआ कोरकोईने विचारलं.

ओकाईने हातातलं फडकं आपटलं. सकाळपासून जो येईल तो हेच विचारत होता.

"कोणी गेलेलं नाही, आजी. ही गाडी आहे. स्पोर्ट्स कार. खरी."

तेशी गावातल्या त्या रस्त्यावर हे पटवणं अवघड होतं. शेजारच्या दुकानांपुढे मासे, कोंबड्या, कोकोची बोंडं, बिअरची बाटली अशा आकारांच्या शवपेट्या रंग वाळवत उभ्या होत्या. प्रत्येकीत कोणीतरी कायमचं झोपणार होतं. त्यांच्या रांगेत ही दोन माणसांची, लाल, जमिनीला टेकलेली गाडी. ओकाई वीज कंपनीत कारकून. कित्येक वर्षं सुटीच्या दिवशी अंगणात बसून त्याने ती एकट्याने घडवली होती. शवपेट्यांच्या गल्लीत आपण तेवढे मोटारवाले, हा त्याचा अभिमान होता. गाडीइतकंच तो त्या अभिमानालाही पॉलिश करी.

"झकास झालीय," म्हातारी म्हणाली. "मला देतोस? जन्मभर पायीच फिरले. जाताना तरी ऐटीत जाईन."

"आजी, ही चालते!"

"चालायला कशाला हवी? उचलायला माणसं असतात की."

"देऊन टाक, ओकाई!" पलीकडून पेटीवाला लार्ते ओरडला. "साटिनचं अस्तर माझ्याकडून!"

ओकाईची कानशिलं तापली. "ही जिवंत माणसांसाठी आहे! मढ्यांसाठी नाही!"

"मग जिवंतपणीच बसव," म्हातारी म्हणाली.

तिने घमेलं खाली ठेवलं, दार उघडलं, कण्हत आत शिरली आणि समोर बघत म्हणाली, "चल. समुद्रापर्यंत."

दुकानांतले रंधे थांबले. ओकाई तिच्या शेजारी येऊन बसला. दोन्ही हात त्याने स्टिअरिंगवर ठेवले आणि तसेच राहू दिले.

"आजी," तो हळूच म्हणाला, "इंजिन नाहीये. कधीच नव्हतं. जमलं नाही मला."

"माहीत आहे की," तीही तितक्याच हळू म्हणाली. "इतक्या वर्षांत गल्लीत पेट्रोलचा वास नाही. सगळ्यांनाच माहीत आहे. म्हणून तर जो तो विचारतो, कोण गेलं. पेटी चालत नाही म्हणून कोणी हसत नाही, वेड्या."