खडकाची खूण

लेम्पीने धक्क्याच्या खांबावरचा खिळा पुन्हा एकदा पाहिला. पाणी खिळ्याच्या चार बोटं खाली उतरलं होतं. तो खिळा तिच्या नवऱ्याने, अर्वोने, ठोकलेला. पाणी एवढं खाली गेलं की समोर तळ्यात बुडालेल्या खडकावर जेमतेम वीतभर पाणी उरलं, असं समजायचं. मे-जूनमध्ये त्याच्यावरून बोट खुशाल जाते. जुलैत नाही.

"कॉफी गार होतेय," पायरीवर बसलेली हिल्या म्हणाली. ही शेजारीण दर शनिवारी दहाच्या सुमाराला वेलचीचा गोड पाव घेऊन यायची. "आणि एवढ्या उन्हात लाल स्वेटर कशाला चढवलास गं?"

"लांबून दिसायला."

धक्क्यापासून वीस पावलांवर, लव्हाळ्यात, लून या पाणपक्ष्याची मादी अंड्यांवर बसली होती. या पक्ष्याचे पाय पार मागे, जमिनीवर त्याला धड चालता येत नाही, म्हणून घरटं अगदी पाण्याला चिकटून. जूनच्या पहिल्या शनिवारी समोर राहणाऱ्या केंटच्या बोटीच्या लाटेने दोन्ही अंडी धुऊन नेली. एक लेम्पीला धक्क्याखाली सापडलं, फुटलेलं. आतल्या पिल्लाला चोच आली होती. दोन दिवस नर-मादी त्याच जागी चकरा मारत ओरडत राहिले. मग मादीने पुन्हा दोन अंडी घातली. इकडचा उन्हाळा एवढासा, तिसऱ्यांदा घालायला वेळच नसतो. आता चार दिवसांत पिल्लं बाहेर येणार होती.

केंट मिनीॲपोलिस शहरातला. पलीकडच्या काठावर त्याने काचेचं घर बांधलं होतं. दर वसंतात बर्फ वितळला की अर्वो त्या खडकापाशी खूण म्हणून दोरीला दगड बांधून ब्लीचचा रिकामा पांढरा कॅन तरंगत ठेवायचा. अर्वो गेल्यावर लेम्पी ठेवू लागली. यंदा मे महिन्यात केंटने दोरी कापली आणि कॅन तिच्या धक्क्यावर आणून टाकला.

"तुमचा कचरा, आजीबाई. माझ्या खिडकीतून दिसतो."

"खाली खडक आहे," लेम्पी म्हणाली होती.

त्यावर त्याने तिच्यादेखत तीनदा त्या जागेवरून बोट नेली. "कुठाय खडक?" तेव्हापासून कॅन पायरीपाशी पडून होता. लेम्पीने तो परत लावला नाही.

पलीकडे इंजिन गुरगुरलं. हिल्याने कप खाली ठेवला.

"तू आत चल बाई. तो तळ्याच्या मधूनच जाईल आज. हात करू नकोस. तू हळू म्हणालीस की तो मुद्दाम इकडे वळतो, तुला भिजवायला."

"माहीत आहे मला."

"मग?"

लेम्पी धक्क्याच्या टोकाशी गेली आणि तिने दोन्ही हात वर केले. "हळू!" ती ओरडली. "हळू चालव! खडक आहे!" घसा फाटेस्तोवर ओरडली. दोन्ही काठांवरचे लोक माना वळवून बघायला लागले.

केंटने तिला पाहिलं. तिची नक्कल करत त्यानेही हात वर केला, हसला, आणि बोट सरळ तिच्यावर वळवून वेग वाढवला.

तेव्हा कुठे लेम्पीला धोका दिसला. बोट खडक चुकवून दोन हात डावीकडून निघाली, तर तिची लाट थेट घरट्यावर येणार होती, आणि या वेळी ती बोलावणारी लेम्पीच असणार होती. अर्वो, तुझा खिळा खोटा पडू देऊ नकोस, ती मनात म्हणाली.

कर्कश आवाज झाला. बोट थांबली. केंट थांबला नाही, तो पुढे पाण्यात जाऊन पडला. तो मरावा असं लेम्पीला वाटत नव्हतं. एखादं हाड मोडलं असतं तर मात्र तिची झोप उडाली नसती.

पण लाट मागून येतच होती. मादीने मान लांब करून पाण्यालगत टेकवली आणि घरट्यावर सपाट पसरली. लव्हाळा आडवा झाला. घरटं वीतभर वर उचललं गेलं, डुललं आणि खाली बसलं. जरा वेळाने मादीने अंग उचलून चोचीने अंडी सारखी केली. एक. दोन.

लेम्पीने वर केलेले हात खाली घेतले.

"बिचारी किती जीव तोडून सांगत होती त्याला!" शेजारच्या धक्क्यावरून कुणीतरी म्हणालं.

हिल्या तिच्याकडे बघत राहिली. "लेम्पी, तू..."

"मी 'हळू'च म्हणाले. सगळ्यांनी ऐकलंय."

तिने पायरीपाशी जाऊन कॅन उचलला, त्याला नवी दोरी आणि दगड बांधला आणि वल्ह्याची होडी पाण्यात लोटली. केंट खडकावर उभा होता, काठापासून बराच आत, घोट्याच्या वरपर्यंत पाण्यात. नाकातून रक्त येत होतं. शेजारी बोट एका कुशीवर कलली होती.

"बरं झालं आलात, आजी," तो म्हणाला आणि त्याने हात पुढे केला.

लेम्पीने त्याच्या पायाशी दगड सोडला. पांढरा कॅन डुचमळत त्याच्या पोटरीला लागून राहिला.

"इथे खडक आहे," ती म्हणाली आणि होडी वळवली.

"अहो, मला न्या ना!"

"नेईन की. पिल्लं बाहेर येऊ देत."

आणि लव्हाळ्याला धक्का लागू नये म्हणून ती अगदी सावकाश वल्ही मारत घराकडे निघाली.